स्तनांच्या आकारातील फरक : स्वाभाविक कोणता, चिंतेचा कोणता?

मानवी देहाचे उजवे व डावे अंग तंतोतंत सारखे नसते. नव्या चपलांच्या जोडातील एक चप्पल किंचित घट्ट होते, हा अनुभव अनेकांना असतो. स्तनांचेही तसेच आहे. बहुसंख्य स्त्रियांच्या दोन स्तनांच्या आकारात वा ठेवणीत थोडाफार फरक असतो; तो रोग नव्हे. परंतु या विषयावर घरात बोलले जात नसल्याने कित्येक मुली मनात कुढत राहतात, खेळाच्या तासाला मैदानावर जाण्याचे टाळतात.

वाढीच्या वयात

मुलींच्या स्तनांची वाढ साधारणतः ८ ते १३ वर्षे या वयात सुरू होते. प्रथम स्तनाग्राखाली लहानशी, काहीशी दुखरी गाठ हाताला लागते. पुष्कळदा ती एकाच बाजूस येते आणि दुसऱ्या बाजूची वाढ काही महिन्यांनी सुरू होते. ही वाढीचीच खूण होय. तिला विकार समजून ती शस्त्रक्रियेने काढल्यास त्या स्तनाची वाढ कायमची खुंटू शकते, हे पालकांनी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. वाढ पूर्ण होईतो हा फरक बहुधा कमी होतो. तो फारच ठळक राहिल्यास मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. क्वचित छातीच्या स्नायूंची किंवा पाठीच्या कण्याची ठेवण त्यास कारणीभूत असते.

प्रौढ वयात

मासिक पाळीपूर्वी, गरोदरपणी संप्रेरकांमुळे स्तनांचा आकार बदलतो. बाळ एकाच बाजूस अधिक पीत असल्यास ती बाजू मोठी दिसते. मालिश वा लेप यांनी मूळचा फरक नाहीसा होत नाही.

दक्षता केव्हा घ्यावी?

वर्षानुवर्षे असलेला फरक वेगळा आणि नव्याने उद्भवलेला बदल वेगळा. एक स्तन अचानक मोठा वा लहान होणे, स्तनात किंवा काखेत न दुखणारी का होईना गाठ लागणे, त्वचेला खळी पडणे, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न करता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यानुसार ३० वर्षांवरील स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी स्तनतपासणीची तरतूद आहे.

संकोचामुळे निरोगी मुलगी विनाकारण झुरते आणि आजारी स्त्री उपचारास उशिरा पोहोचते. शाळेत शिक्षिकांनी आणि ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत आशा कार्यकर्ती व आरोग्य सेविका यांनी हा विषय मोकळेपणाने मांडल्यास दोन्ही हानी टळतील.