घरापासून गोठ्यापर्यंत प्रकाशतंतू

पाणलोट विकासाच्या कामामुळे देशभर नाव झालेले राळेगणसिद्धी हे पारनेर तालुक्यातील गाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वसलेले आहे. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने आणि गावकऱ्यांच्या श्रमदानाने तेथे नालाबांध, समतल चर आणि पाझर तलाव यांची जी कामे झाली, त्यांमुळे विहिरींचे पाणी टिकू लागले, जिरायत शेतीला बागायतीची जोड मिळाली आणि दुधाचा धंदा वाढला. पाणी आल्यावर शेतकऱ्याच्या घराचा पसाराही बदलतो, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही. या तालुक्यातील बागायतदार कुटुंबाचे घर म्हणजे केवळ राहत्या खोल्या नव्हेत. गोठा, कांदा चाळ, विहिरीवरची मोटर, शेततळे आणि पुष्कळदा त्याच रानात थोड्या अंतरावर बांधलेले भावाचे घर, हे सारे मिळून ते घर होते, आणि त्याची दोन टोके एकमेकांपासून तीनशे-चारशे मीटर दूर असणे यात नवल नाही. अशा पसरलेल्या घरात इंटरनेट आणि कॅमेरे यांची जोडणी करायची झाल्यास प्रकाशतंतूची, म्हणजे बोलीत ज्याला नुसते ‘फायबर’ म्हणतात त्या केबलची, खरी उपयुक्तता दिसून येते. जाहिरातींतून तिचा वेग तेवढा सांगितला जातो. शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने मात्र ती किती लांब जाते आणि विजेपुढे कशी टिकते, हे दोन गुण वेगापेक्षा कितीतरी मोलाचे आहेत.

प्रकाशतंतू हा अतिशुद्ध काचेचा, केसाइतका बारीक धागा असतो. त्याच्या मध्यभागी सुमारे ९ मायक्रॉन जाडीचा गाभा असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्याभोवती थोड्या वेगळ्या घडणीच्या काचेचे वेष्टन असते, ज्यासह तंतूची एकूण जाडी १२५ मायक्रॉन भरते. गाभ्यातून निघालेला प्रकाश वेष्टनाच्या सीमेवर तिरपा आदळला की बाहेर न पडता आतच परावर्तित होतो, आणि त्यामुळे केबल वळली तरी प्रकाश तिच्याबरोबर वळत जातो. मोगा येथे जन्मलेले भारतीय शास्त्रज्ञ नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये अशा तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवता येते हे दाखवून दिले. चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये असे प्रतिपादन केले की, प्रकाश वाटेत विरतो तो मुख्यतः काचेतील अशुद्धतेमुळे आणि ती दूर केल्यास संदेश दूरवर पाठवता येतील. या कामासाठी काओ यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या इतिहासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. दोन टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी देशातील पहिली प्रकाशतंतू प्रणाली १९७९ मध्ये पुण्यात कार्यान्वित झाली, आणि आज छत्रपती संभाजीनगरजवळच्या कारखान्यांत हे तंतू तयार होतात.

गावापर्यंत फायबर पोहोचवण्याचे मोठे सरकारी काम भारतनेट या नावाने ओळखले जाते. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या या योजनेत तालुक्याच्या ठिकाणापासून ग्रामपंचायत कार्यालयापर्यंत केबल टाकण्याचे ठरले. महाराष्ट्रात पुढच्या टप्प्याचे काम महानेट या नावाने राज्य शासनाच्या यंत्रणेने हाती घेतले, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात केबलची जोडणी वर्तुळाकार करण्यावर, म्हणजे एका बाजूला केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने संपर्क चालू राहील अशा रचनेवर, भर देण्यात आला. ग्रामपंचायतीपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा बहुतेक ठिकाणी बीएसएनएलचे भागीदार, खासगी कंपन्या किंवा पूर्वी टीव्हीची केबल देणारे स्थानिक व्यावसायिक पूर्ण करतात.

या शेवटच्या टप्प्यात एक तंतू अनेक घरांत वाटला जातो. ‘स्प्लिटर’ नावाची लहानशी काचेची रचना एका तंतूतील प्रकाश ८, १६ किंवा ३२ तंतूंत विभागते, आणि तिला वीज लागत नाही. भारनियमन असलेल्या गावात हा गुण फार मोठा ठरतो, कारण एक्स्चेंज आणि घर या दोन टोकांना वीज असली म्हणजे मधल्या वाटेवर वीज आहे की नाही याने काही बिघडत नाही. घरातले टोक ज्या पेटीत येते तिला ओएनटी म्हणतात. प्रकाशाचे रूपांतर विद्युत संकेतांत करून ती वायफाय पुरवते. तिच्यावरील ‘एलओएस’ हा लाल दिवा लुकलुकू लागला की बाहेरून प्रकाशच येत नाही असे समजावे. अशा वेळी पेटी पुन्हा पुन्हा बंद-चालू करण्यात अर्थ नसतो, केबल कुठे तुटली किंवा मुडपली हे पाहावे लागते.

येथपर्यंतचे काम कंपनीचे असते. त्यापुढे घराच्या स्वतःच्या हद्दीतील जोडणी ही कुटुंबाची बाब होय, आणि नेमकी तीच सहसा चुकीच्या पद्धतीने केली जाते. घरातील राउटरपासून गोठ्यातील कॅमेऱ्यापर्यंत तांब्याची लॅन केबल ओढण्याचा प्रघात आहे. या केबलची प्रमाणित मर्यादा १०० मीटर आहे. त्यापुढे संकेत क्षीण होतो, आणि मग मध्ये एखाद्या झाडाला डबा बांधून त्यात स्विच बसवला जातो. त्या स्विचला वीज लागते, डब्यात पाणी आणि मुंग्या शिरतात आणि पहिल्याच पावसाळ्यात कॅमेरा बंद पडतो. एकपदरी प्रकाशतंतूत मात्र प्रकाश एका किलोमीटरमागे सुमारे ०.३५ डेसिबल एवढाच क्षीण होतो. डेसिबल हे येथे घट मोजण्याचे एकक असून ३ डेसिबल घट म्हणजे प्रकाश निम्मा होणे. यावरून चारशे मीटरच्या वाटेत जाणारी घट ०.१४ डेसिबल येते, आणि दोन्ही टोकांच्या जोडांची घट धरली तरी ती साधारणतः एका डेसिबलच्या आसपास राहते, तर सामान्य उपकरणे दहाहून अधिक डेसिबल घट सहज पचवतात.

यासाठी लागणारे साहित्य फारसे नाही. ‘मीडिया कन्व्हर्टर’ नावाच्या दोन लहान पेट्या, त्यांच्यामध्ये एक तंतू असलेली केबल आणि दोन्ही बाजूंना नेहमीची छोटी लॅन केबल एवढे पुरते. या पेट्या जोडीने मिळतात: एक १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाठवते आणि १५५० चा स्वीकारते, दुसरी याच्या उलट करते, आणि म्हणून एकाच तंतूतून दोन्ही दिशांची वाहतूक चालते. एकाच बाजूच्या दोन पेट्या आणल्यास जोडणी कधीच होत नाही. २० किलोमीटरच्या क्षमतेची साधी जोडी घरगुती कामाला योग्य असते. याहून लांब पल्ल्याची पेटी जवळच्या अंतरावर लावल्यास जास्तीच्या प्रकाशाने समोरच्या पेटीतील प्रकाश स्वीकारणारा भाग निकामी होण्याची भीती असते. केबल मीटरमागे चांगल्या लॅन केबलपेक्षा स्वस्त पडते, खर्च होतो तो चर खोदण्यावर आणि टोके जोडणाऱ्या कारागिरावर.

या प्रकारच्या जोडणीच्या बाजूने सर्वांत प्रबळ कारण मात्र अंतर नव्हे, आकाशातली वीज हे आहे. पारनेरच्या पठारावर वळवाचा आणि परतीचा पाऊस विजांसह येतो. वीज जवळपास जमिनीत उतरते तेव्हा त्या जागेच्या जमिनीचा विद्युतदाब काही क्षण कमालीचा वाढतो, पण दोनशे मीटरवरच्या जमिनीचा तेवढा वाढत नाही. घराचे अर्थिंग एका जागी आणि विहिरीवरच्या मोटरीचे दुसऱ्या जागी असते. या दोन जागांमध्ये तांब्याची लॅन केबल असेल, तर दाबातील फरक मिटवण्यासाठी विद्युतप्रवाहाला आयतीच वाट मिळते आणि ती वाट कॅमेरा, स्विच, राउटर आणि त्याला जोडलेला टीव्ही किंवा संगणक यांच्यामधून जाते. वीज घरावर पडलीच पाहिजे असे नाही. ती शेजारच्या बांधावरील झाडावर पडली तरी पुरते. काच विजेची वाहक नसल्यामुळे प्रकाशतंतू या दोन जागांना संदेशाने जोडतो, विजेने जोडत नाही. मोटरीच्या स्टार्टरमुळे तांब्याच्या तारेत उठणारा विद्युत गोंगाटही काचेत शिरत नाही, आणि म्हणून वेगळ्या पाइपमध्ये का होईना, ही केबल मोटरीच्या वायरीच्या सोबतीने नेता येते.

येथे दोन गोष्टी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. बाजारात मिळणाऱ्या अनेक ड्रॉप केबलींमध्ये (खांबावरून घरात येणाऱ्या चपट्या किंवा गोल केबलींमध्ये) ताण सोसण्यासाठी पोलादी तार घातलेली असते, आणि अशी तार दोन्ही इमारतींना बांधली की टाळलेला धोका पुन्हा घरात येतो. घर आणि विहीर जोडण्यासाठी धातूविरहित, म्हणजे पोलादाऐवजी एफआरपीच्या (काचतंतूयुक्त प्लास्टिकच्या) काड्या असलेली केबल मागून घ्यावी. दुसरे असे की, विजेचा झटका महावितरणच्या वायरींतूनही येतो, आणि त्याला फायबर अडवू शकत नाही. त्यासाठी नीट अर्थिंग आणि सर्ज संरक्षक यांना पर्याय नाही.

गावात अलीकडे टोके जोडणारे कारागीर सहज मिळू लागले आहेत. जोडकाम जवळून पाहिले असता ते किती नाजूक आहे हे उमगते. कारागीर प्रथम बाहेरचे आवरण सोलतो, मग तंतूवरचा प्लास्टिकचा बारीक लेप काढतो, उघडी काच अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कागदाने पुसतो आणि ‘क्लीव्हर’ने तिचे टोक अगदी काटकोनात तोडतो. दोन्ही टोके यंत्रात समोरासमोर ठेवली की पडद्यावर ती अनेक पटींनी मोठी दिसतात. यंत्र त्यांना आपोआप एका रेषेत आणते, क्षणभर विद्युतज्योत पेटते, काच वितळून एकजीव होते आणि पडद्यावर जोडातील घट ०.०१ किंवा ०.०२ डेसिबल अशी उमटते. तोडलेले काचेचे तुकडे दिसत नाहीत इतके बारीक असतात आणि ते तळव्यात रुतल्यास काढणे कठीण जाते. लहान मुले खेळत असलेल्या ओट्यावर हे काम करू देऊ नये आणि तुकडे चिकटपट्टीवर गोळा करून घेतले जातात याची खात्री करावी. जोडलेल्या केबलच्या उघड्या टोकात डोळा लावून पाहणे तर सर्वस्वी टाळावे, कारण त्यातील प्रकाश अदृश्य असला तरी डोळ्याला घातक ठरू शकतो.

राहत्या खोल्यांमध्ये मात्र फायबर टाकण्याचा आग्रह अनाठायी आहे. जुन्या दगडी घरांच्या दोन फूट जाडीच्या भिंती वायफाय अडवतात हे खरे, परंतु त्यावर उपाय म्हणून मागच्या खोलीपर्यंत एक लॅन केबल नेऊन तेथे दुसरा वायफाय बिंदू बसवणे पुरेसे असते. शिवाय लॅन केबलमधून संदेशाबरोबर वीजही पाठवता येते आणि घराच्या भिंतीवरचे कॅमेरे तिच्यावरच चालतात. काचेच्या तंतूला हे जमत नाही. बिनतारी जोडणीचे छोटे डिशही गोठ्यापर्यंत लावता येतात आणि मोकळ्या रानात ते चालतातही, पण डाळिंबाची किंवा आंब्याची झाडे वाढली की संकेत अडतो, आणि उंच लोखंडी पाइपवर बसवलेल्या डिशपासून घरात उतरणारी तांब्याची तार विजेला पुन्हा निमंत्रण देते.

फायबरमधून वीज जात नसल्याने दूरच्या टोकाला ती कोठून आणायची, हा प्रश्न आधीच सोडवावा लागतो. शेतीपंपाच्या वाहिनीवर ठरावीक तासच वीज असते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतील सुरुवातीच्या प्रायोगिक प्रकल्पांपैकी एक राळेगणसिद्धीत उभा राहिला तो शेतीला दिवसा वीज मिळावी या हेतूने. विहिरीवरचा कॅमेरा मात्र खरा उपयोगी पडतो तो रात्री. मीडिया कन्व्हर्टर आणि कॅमेरा यांची भूक जेमतेम काही वॅटची असल्याने एक लहान सौर पॅनेल आणि बॅटरी त्यांना पुरते. असे केल्यावर गोठ्यातील व्यालेली गाय, चाळीतील कांदा आणि विहिरीवरची मोटर यांच्यावर घरात बसून लक्ष ठेवता येते, आणि जेथे बिबट्याचा वावर वाढला आहे अशा भागात रात्री कंदील किंवा बॅटरी घेऊन गोठ्याकडे जाण्याआधी मोबाइलवर एकदा पाहून घेता येते. एवढ्या एका सोयीसाठीही हा खर्च सार्थ मानावा लागेल.

केबल टिकवण्याचा प्रश्न उरतो. उंदीर आणि घुशी तिला कुरतडतात, आणि नांगर किंवा जेसीबी तिला एका क्षणात तोडतो; म्हणून ती उघडी न पुरता एचडीपीई पाइपमधून न्यावी, नांगराच्या फाळाच्या खाली राहील इतकी खोल ठेवावी, वळणावर तिचा कोन न करता पाइपला मोठा बाक द्यावा, आणि दोन्ही टोकांना काही मीटर केबल गुंडाळून जादा ठेवावी, जेणेकरून पुढे जोड करावा लागला तर ती ओढून घेता येईल. साधा तंतू ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवल्यास प्रकाश बाहेर गळतो. वळण सोसणारा जी.६५७ ए-२ प्रकारचा तंतू साडेसात मिलिमीटरपर्यंत वळण सहन करतो, आणि घरगुती कामासाठी तोच मागावा. मुरमाड आणि खडकाळ रानात चर खोदणे हेच खरे महागाचे काम असल्याने ते दोनदा करण्याची वेळ येऊ देऊ नये: विहिरीपासून घरापर्यंत पाण्याची पाइपलाइन टाकण्यासाठी पुढच्या वेळी चर खोदला जाईल, तेव्हा फायबर लगेच घ्यायचे नसले तरी त्याच चरात एका कडेला, आत नायलॉनची दोरी ओवलेला, दोन्ही तोंडे बूच लावून बंद केलेला एक रिकामा पाइप प्रत्येक शेतकऱ्याने पुरून ठेवावा.