विद्युत्‌वाहक सिरॅमिक पदार्थ आणि मुंबईची उपनगरी रेल्वे

सिरॅमिक म्हटले की विजेच्या तारांना आधार देणारे चिनी मातीचे विद्युत्‌रोधक आठवतात. तथापि सर्वच सिरॅमिक पदार्थ विद्युत्‌रोधक नसतात. सिलिकॉन कार्बाइडच्या कांड्या विद्युत् भट्ट्या तापवितात. झिर्कोनिया ऑक्सिजनचे आयन वाहून नेत असल्याने मोटारींच्या धूरनळीत ऑक्सिजन-संवेदक म्हणून वापरला जातो.

मुंबईत १९२५ मध्ये १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर विद्युत् रेल्वे सुरू झाली. चर्नी रोड-दादर हा पश्चिम मार्ग २०१२ पर्यंत, तर करी रोड-परळ-दादर हा मध्य मार्ग २०१५ पर्यंत २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर आला. वीज कोसळल्यास तारांतील दाब क्षणार्धात अनेक पटींनी वाढून रोहित्रे निकामी होऊ शकतात. हे टाळण्यासाठी जस्त ऑक्साइडच्या चकत्यांचे तडित्‌रोधक बसविले जातात.

या चकत्यांतील स्फटिककण सुवाहक असतात; मात्र बिस्मथ ऑक्साइडमुळे त्यांच्या सीमांवर अडथळा निर्माण होतो. प्रत्येक सीमा सुमारे ३ व्होल्ट दाब सोसते. कण १५ मायक्रोमीटरचे असल्यास एक मिलिमीटर जाडी सुमारे २०० व्होल्ट दाब अडविते. ही मर्यादा ओलांडताच चकती सुवाहक बनून अतिरिक्त प्रवाह जमिनीत सोडते व दाब उतरताच पूर्ववत होते.

वारंवार आघातांनी व आत ओलावा शिरल्याने गळती प्रवाह वाढतो. म्हणून त्याचे नियमित मापन आवश्यक ठरते. प्रवाशांची सुरक्षितता अशा सूक्ष्म कणसीमांवरही अवलंबून असते.