रक्तातला धूर

मंडळी, आरंभीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नव्हे. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारा माणूस. परंतु आमच्या मामांच्या मानेची शस्त्रक्रिया झाली आणि एका प्रश्नाने मला असे धरले की, त्याचा माग काढल्यावाचून राहवेना.

मामांना सदऱ्याची बटणे लावता येईनाशी झाली. चालता चालता पायातली चप्पल निसटून मागे राही आणि त्यांना पत्ता नसे. ‘वय झालं, चालायचंच,’ म्हणण्यात वर्ष गेले. शेवटी तपासणीत निघाले की, मानेत मज्जारज्जू दबला आहे. शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी मामीने विचारले, ‘डॉक्टर, यांचा हात पहिल्यासारखा होईल ना हो?’ डॉक्टर म्हणाले, ‘दाब काढला आहे. आता वाट पाहायची.’

हृदयाला इजा झाली तर रक्त तपासून कळते. मग मज्जारज्जूला झालेली इजा रक्तावरून का कळू नये? हाच तो प्रश्न.

मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू हा सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा दोर मेंदूपासून खाली उतरतो. त्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात. आपण सरसकट ‘शीर दबली’ म्हणतो. पण यात मोठा भेद आहे. हातापायातली नस दुखावली तर ती दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकते. मज्जारज्जूतला तुटलेला तंतू मात्र सहसा पुन्हा वाढत नाही. म्हणून तंतू नुसते दबले आहेत की तुटूही लागले आहेत, हे कळणे अगत्याचे. एम. आर. आय.च्या चित्रात दाब दिसतो. आतली मोडतोड अजून चालू आहे की थांबली, हे त्यावरून नेहमीच ठरत नाही.

आता गंमत पाहा. छपराला जसे वासे, तसा प्रत्येक तंतूच्या आत प्रथिनांचा बारीक सांगाडा असतो. त्यातल्या एका प्रथिनाचे नाव न्यूरोफिलामेंट लाइट. तंतू मोडला की ते बाहेर सांडते आणि त्यातले अगदी थोडे रक्तात उतरते. किती थोडे? ते पिकोग्रॅममध्ये मोजतात. १ पिकोग्रॅम म्हणजे १ ग्रॅमचा लाख कोटीवा भाग! म्हणून पूर्वी ते मोजायला पाठीत सुई घालून मज्जारज्जूभोवतीचे पाणी काढावे लागे. २०१० च्या सुमारास एकेक रेणू टिपणारी पद्धत निघाली आणि मग हाताच्या शिरेतले रक्तही पुरेसे होऊ लागले.

आमच्या शास्त्रात एक जुना दाखला आहे : डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे समजावे. हे प्रथिन म्हणजे रक्तातला धूर. पण धुरावरून कोणाचा गोठा पेटला, ते कसे कळणार? हे प्रथिन वयाबरोबर वाढते. मूत्रपिंड बिघडले तरी वाढते. मधुमेहाने पायाच्या नसा झिजल्या तरी वाढते. शस्त्रक्रिया आणि भूल यांनीसुद्धा ते काहीसे चढते. दुसरे एक प्रथिन आहे, एस-१००-बी. ते चरबीतही असते, म्हणजे पाठीवर सुरी चालली की ते रक्तात येणारच. हा तर घरच्या चुलीचाच धूर! जी. एफ. ए. पी. नावाचे तिसरे प्रथिन मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जू यांतल्या आधारपेशींतून येते आणि काही तासांतच चढते. न्यूरोफिलामेंट सावकाश, दिवसादिवसांनी चढते आणि कित्येक आठवडे टिकते.

यावरून निष्कर्ष काय? एकदाच रक्त तपासून फारसे हाती लागत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीचा आकडा हवा, नंतरचे आकडे हवेत, आणि त्यांचा जमाखर्च रोग्याच्या हातापायांच्या ताकदीशी ताडून पाहायला हवा. डोक्याला सौम्य मार बसला असता सी. टी. स्कॅनची गरज आहे का, हे ठरवायला मदत करणाऱ्या रक्तचाचणीला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र हे काम अजून मुख्यतः संशोधनातच आहे. तेव्हा कोणी ‘एका चाचणीत शिरेचं भविष्य सांगतो’ म्हणाला, तर पैसे मोजण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा.

तोवर घरची पारख आपल्या हाती आहे. मूठ झपाझप उघडा-मिटा. निरोगी माणसाला १० सेकंदांत साधारण २० वेळा जमते. ते जमेना, अक्षर बिघडू लागले, बटण लागेना, चप्पल निसटू लागली, तर दाढीच्या दुकानात मान मोडून घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. दोन्ही पायांतले बळ एकाएकी गेले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. शिक्षक मंडळींनी एवढे गावात सांगितले तरी पुष्कळ होईल.

मामा आता काठी न घेता शेतापर्यंत जातात. गळ्याजवळची दोन बटणे मात्र अजून मामीच लावते. ते वाया गेलेले वर्ष हाताशी असते, तर कदाचित तीही त्यांनीच लावली असती. एवढे सांगून तुमची रजा घेतो.