कोबीवरचे ठिपके: वाण पारखायचं कुठे?
मोहाडीकडे धान निघाल्यावर पत्ताकोबी-फुलकोबी लागते तेव्हा थंडीतल्या दवाने पानं तासन्‌तास ओली राहतात. अल्टरनेरिया बुरशीला नेमकं हेच हवं असतं. खालच्या पानावर तपकिरी ठिपका, त्यात एकात एक वर्तुळं, वर काळसर भुकटी. ती भुकटी म्हणजे बीजाणू. औषध आहे, मग वाणांची चाचणी कशाला, असं विचारलं जातं. पण कोबीच्या मेणचट पानावरून द्रावण ओघळतं, आणि बुरशी बियाण्यातूनही येते.

चाचणी मात्र नीट हवी. तोडलेल्या पानावर बीजाणूंचा थेंब ठेवून ठिपका मोजणं झटपट होतं. पण जुनी पानं कोवळ्यांपेक्षा लवकर बळी पडतात, म्हणून सारख्या वयाचीच पानं घ्यावीत. शिवाय शेतात पाणी टिकू न देणारा मेणाचा थर काही वाणांना वाचवतो. थेंब हाताने ठेवला की तो फायदा झाकला जातो, म्हणून शेतातली नोंद मला जास्त मोलाची वाटते. पूर्ण प्रतिकारक कोबी हाती नाही, हा आक्षेप खरा आहे; चांगला प्रतिकार पांढरी मोहरी, कॅमेलिना अशा दूरच्या नातलगांत आहे आणि त्यांच्याशी संकर अवघड. तरीही ठिपका हळू वाढला, बीजाणू कमी सुटले, तर हंगामातल्या रोगाच्या फेऱ्या घटतात आणि त्याबरोबर फवारण्याही.