आयनी द्रवातील शर्करासंयोग

मिठाचे पाणी हे द्रावण होय. आयनी द्रव म्हणजे १०० अंश सेल्सिअसखाली वितळणारे, निव्वळ आयनांचे लवण. क्लोराइडयुक्त अशा द्रवातील आयन ग्लुकोजच्या हायड्रॉक्सिल गटांशी हायड्रोजन-बंध जोडतात, म्हणून ग्लुकोज विरघळते. आम्ल घालून तापविल्यास त्याचे दोन रेणू जुळतात व पाण्याचा एक रेणू सुटतो. पाणी साचले की जोड पुन्हा तुटू लागतो. पाकात लिंबू पिळल्यावर साखर ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत फुटते, तीही पाण्याच्याच योगाने. शिवाय ही लवणे हवेतील ओलावा शोषतात. कुरवंड्याच्या पावसात उघडी चिक्की सादळते. हे क्रियापद रसायनशाळेनेही स्वीकारावे, कारण सादळलेल्या द्रवात शर्करासंयोग मंदावतो.