फळातली साखर, पेल्यातली साखर

एप्रिलमध्ये बाजारात हापूसच्या पेट्या लागल्या की घराघरांत एक धास्तीही शिरते. चाळिशीतली, धडधाकट, रक्ताचा अहवाल अगदी नीट असलेली माणसं आंब्याची फोड पुढे आली की हात आखडता घेतात. ‘नको, शुगर वाढेल.’ आणि हीच माणसं सकाळी फिरून परतताना बागेच्या दाराशी मोसंबीच्या ताज्या रसाचा मोठा पेला निर्धास्तपणे रिकामा करतात. रस काय, नैसर्गिकच आहे! भीती जिथे नको तिथे बसली आहे आणि जिथे थोडी हवी तिथे तिचा पत्ता नाही. मला याची खंत वाटते, कारण या धास्तीपायी आपल्या ताटातून जे कमी होतं ते फळ. बिस्किटं, फरसाण, पाव जागच्या जागी राहतात.

हा लेख मधुमेह नसलेल्या प्रौढांसाठी आहे. मधुमेहींचं गणित वेगळं असतं आणि ते त्यांनी आपल्या डॉक्टरांबरोबर मांडावं.

‘फळ खाल्लं की साखर वाढते, म्हणजे फळ वाईट’

फळ खाल्ल्यावर रक्तातली साखर वाढते हे खरंच आहे. भाकरी, वरणभात, पोहे खाल्ल्यावरही वाढते. वाढणं हा आजार नव्हे. वाढलेली साखर वेळेत खाली न येणं हा आजार.

थोडा हिशेब करू. उपाशीपोटी दर डेसीलिटर रक्तात ७० ते ९९ मिलिग्रॅम ग्लुकोज असणं सर्वसाधारण मानतात. शरीरात रक्त साधारण ५ लिटर. म्हणजे एका वेळी सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं जेमतेम ५ ग्रॅम, चहाचा एक चमचा. मध्यम आकाराच्या एका हापूसच्या गरात मात्र २० ग्रॅमच्या आसपास साखर असते. ती सगळी एकदम रक्तात उतरली असती तर अनर्थ झाला असता. तसं होत नाही. आंब्यातली बरीचशी साखर सुक्रोजच्या रूपात असते. लहान आतड्यात तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असं विघटन होतं. ग्लुकोज रक्तात येऊ लागताच स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. यकृत काही ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं, स्नायू काही उचलतात आणि दोन-तीन तासांत पातळी मूळपदावर येते. निरोगी शरीर हे काम दिवसातून कित्येकदा करत असतं.

ही यंत्रणा किती समर्थ आहे ते तपासण्याची वैद्यकाची रीतच बघा. ग्लुकोज टॉलरन्स टेस्टमध्ये माणसाला उपाशीपोटी ७५ ग्रॅम निव्वळ ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात. दोन तासांनी पातळी १४० मिलिग्रॅमच्या खाली असली की ती सर्वसाधारण. निव्वळ ग्लुकोजचा एवढा मारा जे शरीर सहज पेलतं, त्याने एका आंब्याला भ्यावं असं काही नाही.

अलीकडे मधुमेह नसलेले लोकही दंडावर ग्लुकोज सेन्सर लावून मोबाइलवर आलेख बघतात. केळं खाल्लं, रेषा वर गेली, केळं बंद! आलेखातला प्रत्येक चढ धोक्याचा नसतो, आणि तो सगळ्यांचा सारखाही नसतो. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ८०० जणांच्या रक्तातली साखर आठवडाभर सतत मोजली. एकच पदार्थ खाऊन वेगवेगळ्या माणसांची साखर वेगवेगळी वाढली. केळ्याने एकाची साखर चढली आणि कुकीने नाही, तर दुसऱ्याच्या बाबतीत नेमकं उलट झालं. तेव्हा शेजाऱ्याच्या मोबाइलमधला आलेख पाहून आपलं केळं सोडण्यात काही अर्थ नाही.

‘गोड फळं वर्ज्य, कमी गोड चालतील’

जिभेला लागणारी गोडी हा भरवशाचा मापक नव्हे. टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ग्लायसेमिक इंडेक्स ही मोजणी मांडली. ठरावीक कर्बोदकं पोटात गेल्यावर रक्तातली साखर किती वाढते हे त्यात निव्वळ ग्लुकोजशी ताडून पाहतात, ग्लुकोजला १०० धरून. या मापात पांढरा पाव ७५ च्या आसपास येतो. आंबा आणि केळं ५० च्या आसपास, सफरचंद चाळिशीच्या आत. कलिंगडाचा आकडा मात्र ७० च्या वर जातो, आणि तेवढाच वाचून पुष्कळांनी कलिंगड सोडलं. पण १०० ग्रॅम कलिंगडात कर्बोदकं असतात जेमतेम ७-८ ग्रॅम, बाकी बहुतेक पाणीच. इंडेक्स मोठा असला तरी प्रत्यक्ष पोटात जाणारा साखरेचा भार लहान. चिकू, द्राक्षं, सीताफळ यांत साखर जास्त असते हे खरं, म्हणून चार चिकूंऐवजी एक खावा. तो मुळीच खाऊ नये असं यातून निघत नाही.

मनुका आणि खजूर यांचं थोडं निराळं आहे. तंतू त्यांच्यात शाबूत असतात, पण पाणी उडून गेलेलं असतं. १०० ग्रॅम द्राक्षांत १५-१६ ग्रॅम साखर असते, तर तेवढ्याच मनुकांत ६० ग्रॅमच्या आसपास. मूठभर द्राक्षं आणि मूठभर मनुका सारख्या नाहीत.

‘फळ खाणं आणि रस पिणं सारखंच’

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच.

ब्रिस्टलच्या संशोधकांनी १९७७ मध्ये एक साधा, सुंदर प्रयोग केला होता. तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि आजही दाखल्यासाठी काढला जातो. दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, कुस्करून लगदा केलेलं आणि गाळून काढलेला रस. तिन्ही वेळा कर्बोदकं सारखीच, ६० ग्रॅम. रस पिऊन संपायला जेवढा वेळ लागला त्याच्या अकरा पट वेळ अख्खी सफरचंदं चावून संपवायला लागला. मग खाण्यापिण्याचा वेग मुद्दाम सारखा ठेवून पाहिलं, तरी पोट भरल्याचं समाधान सफरचंदाने सगळ्यात जास्त दिलं, लगद्याने त्याहून कमी आणि रसाने सगळ्यात कमी.

साखरेचं काय झालं? इथे नीट थांबून वाचायला हवं. रक्तातली साखर तिन्ही वेळा जवळपास सारख्याच उंचीपर्यंत चढली. फरक पडला तो पुढे. रस आणि लगद्यानंतर इन्सुलिन जास्त सुटलं, आणि रसानंतर चढलेली साखर झपाट्याने खूप खाली आली. लगद्यानंतरही थोडी तशीच घसरण दिसली. अख्ख्या सफरचंदानंतर ती दिसलीच नाही. म्हणजे केवळ ‘साखर किती चढली’ एवढंच विचारलं तर रस निर्दोष सुटतो. इन्सुलिन किती खर्ची पडलं आणि पोट कितपत भरलं, हे विचारलं की खरी गोष्ट कळते.

कारण फळाच्या बांधणीत आहे. साखर तिथे पेशींच्या आत, पेशीभित्तिकांनी बंदिस्त असते. चावताना काही पेशी फुटतात, काही तशाच पुढे जातात. पेक्टिनसारखे विरघळणारे तंतू पोटात दाटसर मिश्रण करतात आणि जठर सावकाश रिकामं होतं. रस काढताना आपण हा सगळा चोथा गाळणीत ठेवतो आणि कचऱ्यात टाकतो.

शिवाय मात्रेचा प्रश्न आहेच. एका संत्र्यात १२ ग्रॅमच्या आसपास साखर असते. २५० मिलिलिटरचा पेला भरायला तीन-चार संत्री लागतात आणि त्यात वीसहून जास्त ग्रॅम साखर उतरते. चार संत्री सोलून, बिया काढून, एका बैठकीत कोण खातं? रस मात्र दोन मिनिटांत संपतो आणि पाठोपाठ नाश्ताही पूर्ण होतो.

दीर्घकाळाची आकडेवारीही याच दिशेला बोट दाखवते. अमेरिकेत १,८७,३८२ परिचारिका, डॉक्टर आणि इतर आरोग्यसेवकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवून केलेला अभ्यास २०१३ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झाला. द्राक्षं, सफरचंद, ब्लूबेरी अशी फळं खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचं प्रमाण कमी आढळलं आणि फळांचा रस जास्त पिणाऱ्यांत अधिक. आठवड्यातून तीन वेळच्या रसाऐवजी अख्खं फळ घेतलं तर जोखीम सुमारे ७ टक्क्यांनी कमी होईल असं त्यांचं गणित निघालं. चीनमध्ये सुमारे पाच लाख प्रौढांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज ताजं फळ खाणाऱ्यांत मधुमेह होण्याची शक्यता १२ टक्क्यांनी कमी दिसली. हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. फळं खाणारी माणसं इतर बाबतींतही जपून वागत असतील, ही शक्यता धरूनच ते वाचावेत.

रसाच्या बाजूनेही बोलायला हवं. काही आठवडे शंभर टक्के रस देऊन केलेल्या चाचण्या २०१७ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा उपाशीपोटीच्या साखरेत त्याने लक्षणीय फरक पडलेला दिसला नाही. म्हणजे अधूनमधून छोटा पेला रस प्यायल्याने निरोगी माणसाला मधुमेह जडत नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्ययंत्रणा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरची मर्यादा सांगते. ती मला रास्त वाटते.

‘वरून साखर घातलेली नाही, म्हणजे झालं’

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसभराच्या ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मुक्त साखरेतून यावी, आणि ५ टक्क्यांच्या खाली आणता आली तर अधिक चांगलं, असं त्या सांगतात. २००० कॅलरींच्या आहारात पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. मुक्त साखरेत साखर, मध, पाक यांच्याबरोबर फळांच्या रसातली मूळची साखरही धरली आहे. अख्ख्या फळातली धरलेली नाही. संत्रं तेच, साखर तीच, पण पेल्यात उतरली की ती हिशेबाच्या दुसऱ्या रकान्यात जाते. एक मोठा पेला रस प्यायला की २५ ग्रॅमचा कोटा जवळपास तिथेच संपतो.

डबाबंद रसाबाबत तर ग्राहकाची दिशाभूल होत होती. पुष्कळदा आटवलेल्या रसात पाणी घालून तो पुन्हा पातळ केलेला असतो. अशा पेयांवरून ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाका, असा आदेश भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये दिला. दर किलोमागे १५ ग्रॅमहून अधिक साखर मिसळली असेल तर ‘गोड केलेला रस’ असं लिहिणंही बंधनकारक आहे. आणि आंब्याचं म्हणून जे पिवळं पेय बाटलीत मिळतं, त्याच्या लेबलवर गराचं प्रमाण आणि १०० मिलिलिटरमागची साखर हे दोन आकडे वाचावेत. पुढचं ज्याचं त्याला कळेल.

उसाचा रस हा फळाचा रस नव्हे, पण रसवंतीवर आपण त्याच निर्धास्तपणे थांबतो. त्यात १०० मिलिलिटरमागे १३ ते १५ ग्रॅम साखर असते. मोठ्या पेल्यात ३० ग्रॅमच्या वर गेलीच. कोकम आणि लिंबू यांत स्वतःची साखर नगण्य. ती सरबतात आपण घालतो, तेव्हा कमी घालणंही आपल्याच हातात आहे. पन्ह्यातला गूळही साखरच, केवळ तपकिरी. शहाळ्याचं पाणी या सगळ्यांत सौम्य, साखर रसाच्या निम्म्याहून कमी.

‘मिक्सरमध्ये फिरवलं की फळाचे तंतू मरतात’

चोथा गाळून टाकला तर तंतू जातात. पातं फिरल्याने जात नाहीत. इंग्लंडमध्ये प्लिमथ विद्यापीठात २०१७ मध्ये निरोगी प्रौढांवर झालेल्या प्रयोगात आंबा नुसता खाल्ला काय किंवा मिक्सरमधून काढून प्यायला काय, साखरेच्या चढात फरक दिसला नाही. बिया असलेल्या फळांचं मिश्रण दळल्यावर तर चढ उलट कमी आला. दळलेल्या बियांतून तंतू मोकळे होत असावेत, असा संशोधकांचा कयास आहे. तेव्हा न गाळलेला आमरस सरसकट दोषी नाही. त्यात घातलेली साखर, सोबतच्या मैद्याच्या पुऱ्या आणि वाटीमागून वाटी वाढणारा आग्रह, हिशेब बिघडतो तो इथे. एक वाटी रस, साखर न घालता, जेवणाचा भाग म्हणून घेतला तर निरोगी माणसाने मनात किंतु ठेवू नये. चिकूच्या मिल्कशेकमध्ये दोन चमचे साखर आणि वर आइस्क्रीम गेलं की ते मिष्टान्न झालं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

‘फळात फ्रुक्टोज असतं, त्याने रक्तातली साखर वाढत नाही’

पहिला भाग बरोबर आहे आणि दुसराही बराचसा. फ्रुक्टोजने रक्तातलं ग्लुकोज फारसं वाढत नाही, कारण त्याची वासलात मुख्यतः आतडं आणि यकृत लावतात. पण म्हणून ते कितीही घ्यावं असं नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवलं, की फ्रुक्टोजची थोडी मात्रा लहान आतडंच जिरवतं. मात्रा मोठी झाली की उरलेलं यकृतापर्यंत पोचतं. माणसात नेमकं किती याचा अंदाज त्यावरून बांधू नये. सावकाश चावलेलं फळ आणि गटागट प्यायलेला रस यांच्यातला फरक मात्र त्यातून आणखी एका बाजूने समजतो.

‘मी निरोगी आहे’

हे आपण कशावरून म्हणतो, हा खरा प्रश्न. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिॲब अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्या माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५, किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल, तर वर दिलेला निर्धास्तपणा थोडा आवरायला हवा. तिशी ओलांडली असेल, पोट सुटलं असेल किंवा आईवडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल, तर या दोन्ही चाचण्या करून घ्याव्यात. अहवालात आकडे थोडे चढे आले म्हणून घरातली फळांची टोपली रिकामी करू नये. आधी बाटल्या आणि पेले कमी करावेत. चीनमधल्या त्याच मोठ्या अभ्यासात आधीपासून मधुमेह असलेली माणसंही होती. त्यांच्यापैकी आठवड्यातून तीनपेक्षा जास्त दिवस ताजं फळ खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण १७ टक्क्यांनी कमी आढळलं.