नवी मुंबईतील मध्यमवर्गीय ग्राहक आणि ध्वनिसंचाची निवड

१९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वसविलेल्या नवी मुंबईत अल्प व मध्यम उत्पन्न गटांतील अनेक कुटुंबांची घरे लहान आहेत. अशा घरासाठी ध्वनिसंच घेताना ग्राहक बहुधा खोक्यावरील ‘पीएमपीओ’चा आकडा पाहतो. हा आकडा क्षणिक कमाल शक्तीचा असून त्याच्या मापनाची सर्वमान्य पद्धत नाही. सातत्याने मिळणारी शक्ती ‘आरएमएस’ वॅटवरून कळते. शिवाय शक्ती दुप्पट केल्यास ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज दुप्पट भासण्यास सुमारे दहापट शक्ती लागते. त्यामुळे लहान खोलीत जादा वॅटसाठी मोजलेले पैसे बव्हंशी वाया जातात.

येथे पूर्वीच्या खरेदीदारांचे अनुभव उपयुक्त ठरतात. मात्र त्यांचीही पारख आवश्यक आहे. ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांच्या विश्वासार्हतेसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे मानक प्रसिद्ध केले. ‘आवाज उत्तम’ एवढेच सांगणाऱ्या अभिप्रायापेक्षा खोलीचा आकार, वापराचा कालावधी आणि दुरुस्तीचा अनुभव नोंदविणारा अभिप्राय अधिक ग्राह्य मानावा.

सारांश, मर्यादित बचतीतून खरेदी करणाऱ्या कुटुंबाने आरएमएस शक्ती, आपल्यासारख्याच घरातील अनुभव आणि जवळ उपलब्ध असलेली दुरुस्तीसेवा हे तीन निकष प्रथम तपासणे हितावह ठरते.